काका थांबतायत, आता भाडेकरूंना काय सांगू?

पत्र: माझं माहेर कोल्हापूरचं. शाहूपुरीत बाबांनी बांधलेली इमारत आहे. खाली दोन गाळे, वर चार बिऱ्हाडं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. मी पुण्यात, भाऊ बंगळुरूला, आई माझ्याकडेच असते. गेली अठरा वर्षं भाडं गोळा करणं, प्लंबर-वायरमन बोलावणं, नवा भाडेकरू बघणं हे सगळं बाबांचे मित्र, शेजारचे काका करत आले. बाबांनी त्यांना मुखत्यारपत्रही दिलं होतं. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनीच ‘दुसरं कुणीतरी बघा’ म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यापासून आम्ही हे काम एका एजन्सीला देतोय. भाऊ म्हणतो, व्हॉट्सअॅप ग्रुप कर, एजन्सीचा नंबर आणि खाते क्रमांक टाक, विषय संपला. आई म्हणते, प्रत्येकाच्या दारात जाऊन सांग. खालचे शिंपीमामा तर आतापासूनच म्हणतायत, “मी काकांनाच ओळखतो, दुसऱ्या कुणाला एक रुपया देणार नाही.” कसं सांगावं, आणि किती सांगावं?

उत्तर:

ताई, तुमच्या आईचं बरोबर आहे. भावाचंही चूक नाही, फक्त तो जे पहिलं म्हणतोय ते शेवटी करायचं आहे.

‘उद्यापासून भाडं अमक्याला द्या’ हे वाक्य ऐकल्यावर भाडेकरूच्या मनात नवा माणूस कोण हा प्रश्न पहिला येत नाही. घर विकलं की काय, हा पहिला येतो. शाहूपुरीसारख्या भागात तर हमखास, कारण आजूबाजूचे जुने वाडे-बंगले पडून तिथं अपार्टमेंट उभी राहिलेली सगळ्यांनी बघितली आहेत. माझ्या ओळखीच्या एका मालकांनी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या जिन्यात नुसता टाइप केलेला कागद चिकटवला, “१ तारखेपासून भाडे खालील खात्यावर जमा करावे.” खाली सही नाही, मालकाचं नाव नाही. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर इमारत बिल्डरला गेल्याची बातमी पक्की झाली होती. एका कुटुंबानं त्याच महिन्यात दुसरीकडे घर बघितलं. चांगले, वेळेवर भाडं देणारे लोक होते.

विकलं की काय याच्या मागोमाग डिपॉझिटचा प्रश्न येतो. आणि त्याच्याही खाली एक असतो, जो कुणी तोंडानं विचारत नाही: काकांनी मला जे चालवून घेतलं, ते हा नवा माणूस चालवून घेईल का?

तुमच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ या तिसऱ्या प्रश्नात आहे. अठरा वर्षं एकच माणूस घर बघतो तेव्हा करारात असतं त्याच्या दुप्पट तोंडी ठरलेलं असतं. शिरोली एमआयडीसीत कामाला असणाऱ्याचा पगार सात तारखेला होतो, म्हणून त्याचं भाडं दहाला चालतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी पहाटे उठून मोटर लावतात, सगळ्या बिऱ्हाडांची टाकी भरून घेतात, म्हणून त्यांना दरमहा दोनशे-तीनशे सूट असते. (थेट पाइपलाइनचं पाणी कोल्हापुरात आलं, तरी ‘आज पाणी सुटलं का वो?’ हा प्रश्न काही गेला नाही.) कुणाला गच्चीची किल्ली दिलेली असते, कुणाची दुचाकी बोळात उभी राहते, विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना मे महिन्यात घरी गेल्यावर अर्धं भाडं. आणि २०१९च्या आणि २०२१च्या पुरात खालच्या गाळ्यात पाणी शिरलं असेल, तर त्या महिन्याच्या भाड्याचं काय झालं? काकांनी सोडलं असेल तर ते ना तुम्हाला माहीत, ना एजन्सीला. पण गाळेवाल्यांना पक्कं माहीत आहे, आणि पुढच्या वेळी पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी गाठली की ते तीच अपेक्षा धरून बसतील.

म्हणून कुणालाही काही कळवण्याआधी तुम्ही स्वतः कोल्हापूरला या आणि काकांबरोबर एक अख्खी दुपार काढा. फोनवर हे होत नाही. त्यांची वही समोर घ्या आणि एकेक बिऱ्हाड घेऊन विचारा: भाडं किती, कधी देतात, कसं देतात, डिपॉझिट किती आणि कधी घेतलं, पावती दिली का, सबमीटर आहे का, कुठलं दुरुस्तीचं काम ‘करतो’ म्हणून राहिलंय, आणि तोंडी काय कबूल केलंय. शेवटच्या प्रश्नाला काका आधी ‘तसं काही नाही’ म्हणतील. मग तुम्ही नावं घेऊन विचारा, पावसाळ्याचं विचारा, सणावारांचं विचारा. एकेक निघत जाईल. हे करताना चेहऱ्यावर ‘हे तुम्ही परस्पर कसं ठरवलंत’ असं दिसू देऊ नका. त्यांनी या सवलती दिल्या म्हणून तुमची एकही खोली वर्षभर रिकामी राहिली नाही.

यातलं काय पुढे चालू ठेवायचं आणि काय नाही, ते तुम्ही, आई आणि भाऊ मिळून ठरवा. ज्या सवलती ठेवायच्या त्या एजन्सीला लेखी द्या, नाहीतर दहा तारखेचं भाडं तीन तारखेला मागायला एजन्सीचा मुलगा दारात उभा राहील आणि अठरा वर्षांची ओळख एका संध्याकाळी कडू होईल. एखादी सवलत बंदच करायची असेल, तर आत्ता नको. भाडेवाढही आत्ता नको. माणूस बदलला आणि भाडं वाढलं हे एकाच पत्रातून कळलं, तर भाडेकरूला एकाचं कारण दुसऱ्यात दिसतं आणि पहिल्या दिवसापासून एजन्सी शत्रू होते. करार संपेल तेव्हा ज्याचं त्याच्याशी बोला.

आता कायद्याचं थोडं, कारण शिंपीमामांचं वाक्य वाटतं तितकं आडमुठं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २०८ प्रमाणे प्रतिनिधीचे अधिकार संपले तरी तिसऱ्या माणसाच्या बाबतीत ते त्याला कळेपर्यंत संपलेले धरत नाहीत. म्हणजे तुम्ही पाच तारखेला एजन्सी नेमली, मामांना कळवलं नाही आणि त्यांनी सहा तारखेला काकांच्या हातात भाडं ठेवलं, तर ते भाडं दिलं गेलं. पुन्हा मागता येणार नाही. उलट बाजूनं, एखादा अनोळखी पोरगा ‘मी एजन्सीकडून आलोय’ म्हणून उभा राहिला आणि मामांनी त्याला पैसे दिले नाहीत, तर ते शहाणपणाचंच वागले. त्यामुळे ‘कळवलं’ याचा पुरावा तुमच्याकडे हवा: तारीख घातलेलं, सही केलेलं पत्र, आणि त्याच्या प्रतीवर ‘मिळालं’ म्हणून भाडेकरूची सही.

दुसरं म्हणजे ते मुखत्यारपत्र. बाबा गेले त्याच दिवशी त्याचा जोर संपला. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते उरत नाही. त्यावर आता कुणीही, काकांनीसुद्धा, सही करायची नाही, आणि ‘तेच पुढे एजन्सीच्या नावानं करून घेऊ’ असंही नाही. एजन्सीला अधिकार द्यायचे ते तुम्ही तिघांनी, नव्यानं, आणि मोजके द्या. भाड्याचा पाठपुरावा, दुरुस्ती, भेटी हे ठीक. नवा भाडेकरू ठेवणं आणि करारावर सही करणं हे तुमच्याकडेच ठेवा असं माझं मत. भाडेकरूंच्या पत्रावरही तिघांच्या सह्या हव्यात. एकानं एक सांगितलं आणि दुसऱ्यानं बंगळुरूहून फोन करून वेगळं सांगितलं, तर भाडेकरूनं कुणाचं ऐकायचं?

माझा अंदाज, अकरा महिन्यांचे करार काकांनी पुढे तोंडीच वाढवले असणार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो तसा नसेल, तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. काकांच्या वहीसाठी दुपार काढा म्हणाले ती यासाठीसुद्धा. नवे करार आई, तुम्ही आणि भाऊ यांच्या नावानं करून घ्या. ते आता ऑनलाइन होतात. शहरात नोंदणी फी १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क करारातलं एकूण भाडं आणि अनामतीवर धरलेलं व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के. हा खर्च या वेळी तुम्ही उचला, बदल तुमच्या बाजूनं होतोय. मात्र शिंपीमामा फार जुने, जुन्या भाडे कायद्याच्या काळापासूनचे भाडेकरू असतील, तर त्यांच्यापुढे नवा कागद करण्याआधी वकिलाला दाखवा. एजन्सीच्या छापील फॉर्मवर त्यांची सही घेण्याची घाई कुणी करू नये. त्यातून शंका आणि कोर्ट याशिवाय काही निघत नाही.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे: भाडं एजन्सीच्या खात्यात जाऊ देऊ नका. आईच्या खात्यात सरळ जाऊ दे, एजन्सीचा मोबदला तुम्ही वेगळा द्या. यानं हिशेबाची कटकट वाचतेच, पण भाडेकरूंना सांगायलाही एकदम सोपं होतं. माणूस बदलला, मालक तेच, पैसे मालकालाच. यूपीआयनं पैसे टाकताना स्क्रीनवर नाव येतं. तिथं बाबांच्या पत्नीचं नाव दिसलं की निम्मी भीती गेली. पहिल्यांदा एक रुपया टाकून बघायला सांगा, आणि तो पोचल्याचा फोन आईलाच करू द्या. ‘खातं बदललंय, यावर पैसे टाका’ असे मेसेज हल्ली ठकसेनही पाठवतात, त्यामुळे खाते क्रमांक एजन्सीच्या अनोळखी नंबरवरून कधीही जाता कामा नये. तो तुमच्या सहीच्या कागदावरच असावा. रोख देणारे रोखच देतील, विशेषतः गाळेवाले. त्यांना दर वेळी पावती मिळाली पाहिजे. ती मालकानं किंवा त्याच्या माणसानं देणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

आता सांगायचं कसं. आधी काकांनी एकेकाला फोन करावा, फक्त एवढंच: “मी आता थांबतोय, रविवारी ताई येतायत, घरी रहा.” मग रविवारी तुम्ही, काका आणि एजन्सीचा जो मुलगा रोज येणार आहे तो, असे तिघं दारोदार. एजन्सीचा मालक नको, जो जिना चढणार आहे तोच हवा. काकांनी त्याची ओळख करून द्यायची, बोलायचं तुम्ही, त्यानं ऐकायचं. प्रत्येक घरात दहा-पंधरा मिनिटं बसा. चहा नाही म्हणू नका. काय दुरुस्ती राहिलीय ते विचारा आणि त्या मुलाला तिथंच लिहून घ्यायला सांगा. मोरीचा गळका नळ, दाराची सैल कडी असं एखादं छोटं काम त्याच आठवड्यात करून टाका. नवीन माणसाचा पहिला फोन ‘भाडं कधी देताय’ असा असण्यापेक्षा ‘प्लंबर उद्या अकराला येतोय, चालेल ना’ असा असला की पुढची पाच वर्षं सोपी जातात.

पत्र त्याच भेटीत हातात द्या. साधारण असं लिहा, फक्त तारखा, नावं आणि आकडे तुमचे घाला:

“सप्रेम नमस्कार. शाहूपुरीतल्या आपल्या इमारतीचं काम इतकी वर्षं काकांनी सांभाळलं. आता ते स्वतःच्या इच्छेनं यातून मोकळे होत आहेत. १ तारखेपासून रोजचं काम सोबत आलेले हे बघतील, त्यांचा नंबर खाली दिला आहे. इमारत विकलेली नाही, विकायची नाही, मालकी आमच्याकडेच आहे. तुमचं भाडं, भाड्याची तारीख आणि आजवर चालत आलेल्या सोयी आहेत तशाच राहतील. तुमची अनामत रक्कम रु. ….. आमच्याकडे जमा आहे. हा आकडा चुकीचा वाटल्यास आठ दिवसांत आम्हाला सांगा. यापुढे भाडं आईच्या खात्यात जमा करावं, किंवा रोख देऊन आमच्या सहीची पावती घ्यावी. दुसऱ्या कुणी दुसरं खातं सांगितल्यास पैसे न देता आधी आम्हाला फोन करावा. काही अडचण वाटली तर थेट माझ्याशी बोला.” खाली तिघांच्या सह्या.

यात ‘विकायची नाही’ हे खरं असेल तरच लिहा. मनात विक्रीचा विचार असेल तर ‘विकलेली नाही’ एवढंच लिहा, कारण वर्षभरात शब्द फिरला तर तुमच्या पुढच्या कुठल्याच पत्रावर कुणी विश्वास ठेवणार नाही. अनामत रकमेची ओळ मात्र कुठल्याही परिस्थितीत गाळू नका. रोख दिलेलं, पावती न घेतलेलं डिपॉझिट ज्याच्या मनाला खात होतं, त्याला हा आकडा मालकाच्या सहीनं हातात मिळाला की बाकी पत्र तो वाचणारसुद्धा नाही. आकड्यात फरक निघाला तर काका समोर असतानाच मिटवा.

व्हॉट्सअॅप त्यानंतर, आणि तेही ग्रुप करून नको. प्रत्येकाला वेगळा मेसेज, पत्राचा फोटो जोडून. सहा जणांची भाडी सहा प्रकारची, ती एकमेकांना कळायचं कारण नाही. एकानं तक्रार टाकली की बाकीच्यांना आठवतं. आणि खोलीवर राहणाऱ्या मुलींचे नंबर सगळ्या इमारतीला वाटायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मोटर-टाकीच्या सूचनांसाठी ग्रुप हवाच असेल तर दोन-तीन महिन्यांनी, त्यांना विचारून.

एजन्सीला एक गोष्ट बजावून ठेवा. कामाला लागल्या लागल्या हे लोक घराची पाहणी करतात, मोबाइलवर फोटो काढत खोल्याखोल्यांतून फिरतात. मालकाला घर बघण्याचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि सोयीच्या वेळी, हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे. पहिला महिना तर ते नकोच.

काकांकडे फोन येत राहतील. आणखी वर्षभर येतील, कारण सवयीचा नंबर तोच आहे. त्यांनी ‘बरं, मी सांगतो त्याला’ म्हटलं की झालं, काम पुन्हा त्यांच्याच गळ्यात. ‘त्याला फोन कर, नाही उचलला तर मला सांग’ एवढंच म्हणावं, हे त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. त्यांच्या गुडघ्यांचा विषय भाडेकरूंपुढे काढू नका, त्यांनी स्वतः काढला तर गोष्ट वेगळी. आणि एक बारीक पण हमखास राहून जाणारं काम: महावितरणच्या मीटरला जोडलेला मोबाइल नंबर बहुतेक काकांचाच असेल, बिलाचे मेसेज त्यांना जातात. घरफाळ्याचं आणि पाणीपट्टीचं बिलही त्यांच्याच घरी पडत असेल. हे सगळं त्याच फेरीत बदलून घ्या. नाहीतर जिन्यातल्या दिव्याचं बिल थकून वीज तुटेल आणि भाडेकरू म्हणतील, काका असताना असं कधी झालं नाही.

राहता राहिले शिंपीमामा. रविवारी त्यांच्याकडे शेवटी जा, घाई नको म्हणून. त्यांच्या गाळ्यात, कापडाच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसा. “मामा, काकांनाच देणार म्हणताय, तर या महिन्याचं काकांच्याच हातात द्या, पावती मात्र आईच्या सहीची घ्या,” म्हणा. पावती पुस्तक बरोबर न्या आणि ती तिथंच फाडून द्या. पुढच्या महिन्यात काका त्या मुलाला घेऊन येतील, पैसे मामा काकांना देतील आणि पावती मुलगा देईल. तिसऱ्या महिन्यात मुलगा एकटा आला तरी चालेल का, हे मामांनाच विचारा. नाहीच म्हणाले तर आईच्या खात्यात भरायला सांगा, मुलगा बँकेत न्यायला येईल. तेही नको असेल आणि दर महिन्याला काकांच्या दारात जाऊनच पैसे द्यायचे असतील, तर काकांना विचारा. एका गाळ्याचं भाडं घ्यायला त्यांची बहुधा ना नसेल, आणि मामांना सोबतीला तेवढंच एक निमित्त.